आतेचं खेळणं

आमच्या घरात तोंडापेक्षा हात जास्त बोलायचे. वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आते, लहानपणी एका तापातून उठली ती कान गमावूनच. तोवर ती बोलायला शिकलेली होती, म्हणून शब्द राहिले. पण स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे तो कधी केवढा निघेल याचा तिला पत्ता नसे. देवळात ती शेजारणीच्या कानाशी काही पुटपुटली की पार गाभाऱ्यातला गुरव मागे वळून बघायचा, आणि परड्यात शिरलेल्या शेजाऱ्यांच्या गाईला हाकलायला धावली की नुसतेच ओठ हलायचे. गाय शांतपणे आमची अळवाची पानं खात राहायची. तिचं लग्न कधी झालं नाही, आणि त्याबद्दल घरात कुणी बोललेलंही मी ऐकलं नाही. ती आमच्याकडेच होती, चूल आणि विहीर जशी होती तशी. वडील मुंबईला नोकरीला, ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे. एरवी घरात आम्ही तीन बायकाच, म्हणजे आई, आते आणि चौथीतली मी. मला तेव्हा कुणी बाई म्हणत नव्हतं, पण कामं सगळी बाईचीच असत. आणि मग त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बाळ्या झाला.

बाळ्या म्हणजे माझा भाऊ. माजघराच्या वाशाला आईच्या जुन्या लुगड्याची झोळी टांगली आणि त्या दिवसापासून आतेचा मुक्काम झोळीखाली हलला. तांदूळ निवडायचे तर तिथे, लसूण सोलायची तर तिथे. कुळथाची पिठी चुलीवर रटरटत असायची, बाजूला सुकट भाजल्याचा वास, आणि आते एका हाताने भाकरी थापता थापता दुसऱ्या हाताने झोळीला झोका द्यायची. ती त्याला गाणी म्हणायची. गाणी कसली, लहानपणी कधीतरी ऐकलेल्या दोन ओळी, चाल पार वाकडी झालेली, आवाज मध्येच आभाळाला आणि मध्येच पाताळाला. बाळ्या मात्र त्या गाण्यावरच झोपायचा. आईने कितीही गोड गळ्याने म्हटलं तरी तो डोळे टक्क उघडे ठेवून बघत राहायचा. आई वैतागून म्हणायची, "ह्या पोराला बेसूरच आवडतो, बापासारका." आज सुरेल गाणी ऐकताना मला अजूनही झोप येत नाही. कदाचित तेच दूध मीही प्यायले असेन.

दिवाळीनंतरची ती दुपार मी पाहिली नाही, मी शाळेत होते. आई पावट्याच्या मळ्यात गेली होती. बाळ्या झोपला म्हणून आते मागच्या परड्यात भांडी घासायला बसली. तो जागा झाला, रडला, पाय झाडले आणि झोळीतून अर्धा बाहेर आला. एक पाय लुगड्यात अडकला म्हणून खाली पडला नाही, एवढंच. शेजारच्या काकींनी रडणं ऐकलं आणि धावत येऊन त्याला उचललं, तेव्हा तो काळानिळा पडला होता. आते मागे राख लावून पातेलं घासतच होती. काकी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा तिला कळलं. आई आली, तिने पोराला छातीशी धरलं आणि ती काकींना म्हणाली, "ज्येंना ऐकू येत नाय त्येंच्या जिवावर पोर टाकून गेलंव, माझीच अक्कल गेली शेण खायला." ती आतेला म्हणालीच नव्हती. पण आतेला ओठ वाचता यायचे, आणि घरातल्या माणसांचे तर फारच चांगले.

दुसऱ्या दिवसापासून आई बाळ्याला पाठीशी बांधून मळ्यात न्यायला लागली. तिथे काजूच्या फांदीला झोळी टांगायची. उन्हाने त्याचं तोंड लालबुंद व्हायचं, मुंगळे चावून मांड्यांवर गांधी उठायच्या. आई संध्याकाळी त्यांवर खोबरेल लावायची आणि रागाने गप्प असायची. राग कुणावर, ते तिलाही सांगता आलं नसतं. आते घरी एकटी. तिने झोळीला हातही लावणं सोडलं. बाळ्या रांगत तिच्याकडे गेला तर ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची आणि आईकडे बघायची. मला वाटतं, घरातल्या माणसाला शिक्षा द्यायची याहून वाईट तऱ्हा नसेल. रागावणं नाही, भांडण नाही, फक्त त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं.

नेमकं त्याच सुमारास आमच्या शाळेत खेडच्या बाई बदलून आल्या. त्यांना गावात सगळे 'खेडच्या बाई'च म्हणायचे, म्हणून मीही तसंच म्हणते. वयाने लहान, बारीक, आणि चालायच्या भराभर. पहिल्याच दिवशी त्यांनी एक पत्र्याची पेटी उघडली. आत टॉर्चचे सेल, टॉर्चचेच मुगाएवढे दिवे आणि लाल-पिवळ्या वायरींची वेटोळी. म्हणाल्या, "हे सत्र आपण विजेवर चालणारी खेळणी करायची. गणित त्याचंच, निबंध त्याचाच, चित्रकला त्याचीच." आम्हाला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण खरंच, त्या सत्रात आम्ही अपूर्णांक वायर कापून शिकलो. माप चुकलं की वायर तोकडी पडायची आणि दिवा पेटायचा नाही, त्यामुळे छडीची गरज उरली नाही. बाई सांगायच्या, "वीज ही मुंबईच्या चाकरमान्यासारखी. एका वाटेने जाईल, पण दुसऱ्या वाटेने घरी परत यायची सोय असेल तरच निघेल." आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप मुंबईला आणि मोहल्ल्यातल्या पोरांचे आखाताकडे. परत यायची वाट म्हणजे काय, हे आम्हाला वेगळं शिकवायला लागलं नाही.

बाईंची एक अट होती. खेळणं काय करणार ते नंतर; आधी कुणासाठी करणार ते सांगायचं. इसाक म्हणाला, "माझ्या अब्बांसाठी, दीपगृह." त्याचे वडील बोटीवर होते, जयगडच्या दिव्यासमोरून जायचे म्हणे. पांडूने शिमग्याच्या सोंगासाठी लाल डोळ्यांचा राक्षस ठरवला; कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाला, "सगल्या गावाला भिववायला." माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आतेसाठी." वर्ग खो खो हसला. डोक्याचे केस पिकलेल्या बाईला खेळणं! बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझ्या आतेला काय आवडतं?" मी म्हटलं, "बाळ्या." आणि मला रडूच आलं. मग मधल्या सुट्टीत, आवळ्याच्या झाडाखाली, मी त्यांना सगळं सांगितलं. बाळ्या हलला की आतेला दिसलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं. बाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मग ऐकू येणारं नको, दिसणारं करू."

पोपट करायचं मी ठरवलं, कारण पुठ्ठ्याचा पोपट मला जमायचा. बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा, पंखांना हिरवा रंग, पोटाला भोक आणि भोकातून डोकावणारा दिवा. खरं डोकं लागलं ते झोळीपाशी. डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचं एक कडं केलं आणि त्यात पत्र्याचीच एक पट्टी घंटेच्या लोलकासारखी टांगली. झोळी हलली की पट्टी कड्याला टेकायची, वीज वाहायची आणि पोपटाचं पोट उजळायचं. झोळी थांबली की पोट विझायचं. पट्टी कधी सतत चिकटून बसायची, कधी टेकायचीच नाही. बाईंनी आणि मी कितीतरी पट्ट्या कापल्या, माझी बोटं चिरली. एका दुपारी शाळेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे बाकं आणि मोडके फळे ठेवलेले असत, तिथे आम्ही टॉवेलची झोळी टांगून तिला धक्का दिला, आणि पोपट पेटला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. एवढी मोठी बाई टाळ्या वाजवते याचंच मला जास्त नवल वाटलं.

घरी आणून मी तो माजघरात लावला. माजघर म्हणजे भरदुपारीही कंदील लागावा असं. आतेला हाताला धरून बसवलं, बाळ्याला झोळीत घातलं. त्याने पाय मारले तसा पोपट पेटला. आते दचकली. मग पुढे झाली. झोळीकडे बघ, पोपटाकडे बघ, पुन्हा झोळीकडे. कळलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला आणि हसत राहिली, तिचं ते बिनआवाजाचं हसणं, नुसते खांदे हलणारं. आई दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "आई, आता ठेवशील ना गो बाळ्याला आतेकडे?" आई लगेच हो म्हणाली नाही, ते तिच्या स्वभावातच नव्हतं. पहिल्या दिवशी ती मळ्यात जाऊन भांगलणी अर्धी टाकून परत आली. मग सबंध सकाळ गेली. मग एक दिवस झोळी काजूवरून सुटली ती सुटलीच. वायर लांब हवी म्हणून बाईंनी पेटीतलं होतं तेवढं वेटोळं दिलं, ते माजघरातून पडवीतून थेट खळ्यापर्यंत पोचलं. म्हणजे आतेला पुढच्या अंगणात बसून कुळीथ झोडपता यावेत, पावटे वाळवता यावेत. पोपट खळ्याच्या मेढीला, म्हणजे कडेच्या खांबाला, टांगला. मी शाळेत जाताना वळून बघायची तर आते पोपटासमोर बसलेली. तिने वाळत घातलेल्या शेंगांशेजारी जुने सेलही उन्हात ठेवलेले असत, कारण उन्हात तापवले की मेलेला सेल थोडा जीव धरतो अशी आमच्याकडची समजूत. मला एवढं मोठं वाटायचं की काही विचारू नका. रेडिओचा शोध कुणी लावला असेल तो असो, माझ्या आतेचे कान मी लावले होते.

सत्र संपत आलं आणि बाईंनी प्रदर्शन ठरवलं, शिमग्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, शाळेच्या पडवीत. सगळ्यांनी आपापलं खेळणं आणायचं. मी रिकाम्या हाताने गेले. आदल्या संध्याकाळी पोपट सोडायला म्हणून मेढीपाशी गेले होते. आतेने माझा हात धरला. नुसता धरून ठेवला. आई दुसऱ्या दिवशी कवळ तोडायला, म्हणजे शेताच्या भाजावळीसाठी झाडांच्या फांद्या छाटायला, वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, जाणार होती. पोपट नाही तर बाळ्या पुन्हा पाठीवर. मग मी कशी सोडणार? बाईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, खेळणं कामावर आहे." वर्ग पुन्हा हसला. पण इसाक म्हणाला, "बाई, आपण जाऊ ना हिच्याकडं." आणि पांडू, ज्याच्या घराला देवाच्या पालखीला खांदा द्यायचा मान होता, तो एकदम म्हणाला, "देव नाय काय शिमग्याला घरोघर जात? म्हातारी मानसा देवलात येत नाय म्हनून देवच येतो. परदर्शन घेऊन जाव." बाई खेडच्या, त्यांना हे काय समजावून सांगायचं! त्यांनी पडवीत मांडलेली खेळणी उचलायला सांगितली. आमची ती पालखी निघाली: पुढे इसाकचं दीपगृह, मागे लाल डोळ्यांचा राक्षस, मध्ये गिरक्या घेणारा पंखा, आणि ढोल नाही म्हणून पांडू तोंडानेच ढोल वाजवत होता.

आमच्या खळ्यात पोचलो तेव्हा बाळ्या गाढ झोपलेला. आते कुळथाच्या ढिगापाशी बसली होती, पाय पुढे पसरून, पायावर लुगड्याचा घोळ ओढून. तिने एवढी पोरं बघितली आणि गोंधळून गेली. मी खुणांनी सांगितलं, तुझा पोपट बघायला आलीत. ती हसली, पण उठली नाही. पाहुणे आले आणि आते पाणी आणायला उठली नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. आता पोपट दाखवायचा तर बाळ्या जागा व्हायला हवा, आणि बाई म्हणाल्या झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही. म्हणून सगळा वर्ग खळ्यात गुपचूप बसून राहिला. सड्यावरून वारा येत होता, कुठेतरी खाडीत मचव्याचं इंजिन वाजत होतं. पोरांनी नजर पोपटावर लावलेली. आणि तेवढ्यात पाणंदीच्या वळणावर आई दिसली. डोक्यावर कवळाचा भारा. तिने लांबून खळं माणसांनी भरलेलं बघितलं. खळं भरतं ते दोनच वेळा, लग्नात नाही तर अशुभ झाल्यावर. तिने भारा वाटेतच टाकला आणि धावत सुटली.

ती खळ्यात शिरली आणि नेमका त्याच क्षणी बाळ्या रडला. आम्ही सगळ्यांनी पोपटाकडे बघितलं. पोपट तसाच. काहीच नाही. पोरांमधून "ऑ" असा आवाज निघाला. मी धावत पोपटापाशी गेले, पोटावर दोन्ही तळव्यांची सावली धरली, आणि आत बघितलं. दिवा पेटत होता. चांगला पेटत होता. पण त्या खळ्यावर मांडव नव्हता, वडील मुंबईला, मांडव घालणार कोण. आणि फाल्गुनातलं ते रखरखीत ऊन, त्यात मुगाएवढ्या दिव्याची काय मिजास! माजघराच्या अंधारात पेटलेला पोपट मी बघितला होता, खळ्यातल्या उन्हात तो कुणालाच कधी दिसला नव्हता. म्हणजे इतके दिवस आते त्याच्यासमोर बसून काय बघत होती?

मी वळले तर आते कधीच उठून माजघराच्या दारात पोचली होती. आम्ही पोपटाकडे बघत असताना ती बाळ्याकडे निघालीही होती. आणि तिच्यामागून, खळ्याच्या सारवणावरून, एक सुंभ सरपटत जात होतं. नारळाच्या काथ्याचं, बैलाच्या गळ्यात बांधतात तसलं. त्याचं एक टोक झोळीला आणि दुसरं तिच्या पायाच्या अंगठ्याला. वायरीच्या बाजूबाजूने, वायरीच्या आडोशाने, तिने ते माजघरातून खळ्यापर्यंत आणलं होतं. बाळ्याने कूस बदलली तरी तिच्या अंगठ्याला कळायचं. आईने ते बघितलं. आतेने आईने बघितलेलं बघितलं. तिने पटकन पाय लुगड्यात ओढला, बाळ्याला उचलून आणून आईच्या हातात दिलं, आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी गुपचूप सांगायचं म्हणून सांगितलं. आणि ते खाली पाणंदीपर्यंत ऐकू गेलं: "त्या उन्हात दिसत नाय गो वयनी! पन पोरीनं येवडा केलान हाय. तिला सांगू नको!"

कुणी हसलं नाही. पांडूसुद्धा नाही. मी खळ्याच्या मधोमध उभी होते आणि माझ्यापासून लपवलेलं माझ्याच घरातलं गुपित माझ्याचसमोर सगळ्यांना सांगितलं गेलं होतं. लाज वाटली का? वाटली, थोडी. पण त्याहून जास्त काय वाटलं त्याला आजही मला नाव सुचत नाही. मी धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिच्या लुगड्यात तोंड खुपसून भोकाड पसरलं. तिला वाटलं मला कुठे लागलं म्हणून ती माझे हातपाय तपासत राहिली. इसाकने एवढ्यात खळ्यात पडलेलं सुंभ उचलून ओढून बघितलं. रिकामी झोळी हलली, आणि बाईंनी ज्याच्यावर आपल्या छत्रीची सावली धरली होती त्या पोपटाचं पोट उजळलं. "बाई, ह्या दोन्हीकडनं चालतं!" तो ओरडला. मग प्रत्येकाला ओढायचं होतं. आईने कधी नव्हे ते सगळ्या पोरांना गुळखोबरं वाटलं आणि बाईंना काजूच्या ओल्या गरांची उसळ आणि घावन खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. पण आतेशी ती एक शब्द, एक खूणही बोलली नाही. आते सबंध संध्याकाळ तिच्या तोंडाकडे बघत होती. मीसुद्धा. पोपट फसला होता आणि पोपटाच्या भरवशावरच तर बाळ्या घरी राहिला होता. आता पुढे काय, ते आईच्या मनात होतं, आणि आईचं मन म्हणजे कुलूपबंद कणगी.

आता मी रत्नागिरी शहरात राहते. माझ्या नातीच्या खोलीत पाळण्यावर कॅमेरा होता, सून ऑफिसातून तिला झोपलेली बघायची. चांगलं आहे, मी नावं ठेवणार नाही. गावी गेले तर जयगडच्या बंदराचे दिवे लांबून दिसतात, इतके की आमच्या त्या अंधाऱ्या माजघरालाही आता अंधार मिळत नसेल. फक्त, एवढा उजेड झाला की मला आपलं ते रखरखीत खळं आठवतं, आणि न दिसणाऱ्या दिव्यासमोर पाय पसरून बसलेली माझी आते. ती रोज त्याच्याकडे तोंड करून बसायची, मी शाळेला जाताना वळून बघेन म्हणून.

त्या प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पेज शिजवली, भाकरी फडक्यात बांधली, कोयता कमरेला लावला. मी आणि आते दोघी तिच्या हातांकडे बघत उभ्या. बाळ्याला पाठीशी बांधायचं लुगडं खुंटीवर होतं, तिथे आईचा हात गेला, आणि तिथून रिकामाच परत आला. तिने बाळ्याला झोळीत घातलं. मग सुंभ उचललं, काल पोरांनी ओढून ओढून त्याची गाठ सैल केली होती. आतेला खांद्याला धरून खळ्यात बसवलं, स्वतः तिच्यासमोर मातीत उकिडवी बसली, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याखाली काचू नये म्हणून पदराची चिंधी फाडून घालून सुंभाची गाठ बांधली. बांधून झाल्यावर मान वर करून हाताने विचारलं, बरी बसली का? आतेने मान हलवली. पाणंदीतून जाणाऱ्या कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, भावजय नणंदेच्या पाया पडतेय. मी तर अगदी जवळ उभी होते. मलाही तसंच वाटलं.